मागचं तोंड

पाळलेल्या सशांच्या राखणीचा बंदोबस्त करण्यात मुलाचा फायदा एकच होता: निर्धास्त झोप. म्हणून त्यानं कुंपणाची जाळी हातभर खोल पुरली आणि बिळाचं मागचं तोंड सिमेंटनं बुजवलं.

"अरे, ससा दोन तोंडं काय हौसेनं ठेवतो?" आई म्हणाली.

"दोन दारं म्हणजे डोक्याला दुप्पट घोर. तुझ्या खोलीच्या मागच्या दाराला कुलूप घातलं, चोरांची भीती मिटली की नाही?"



एका पहाटे मुंगूस जाळीतल्या एका फटीतून आत शिरलं आणि पुढच्या तोंडानं बिळात गेलं. सकाळी मुलानं सहा मेलेले ससे पोत्यात भरले. झोप मात्र त्याला छान लागली होती.

आई दारातून बघत होती. तिचा आवाज चढला नाही की उतरला नाही.

"सहा झाले. आता माझं कुलूप काढतोस?"