पथ्य

गारपिटीने मळ्यातली सगळी वांगी झोडपली, म्हणून मारियामातेच्या सणाला रोझाल्बाने पार्मिजानात, म्हणजे थर रचून भाजायच्या त्या पदार्थात, वांग्याऐवजी झुकिनी घालायचं ठरवलं. लग्नानंतर सणाचा स्वयंपाक पहिल्यांदाच तिच्या हातात आला होता आणि जेवायला सासूबाईंच्या तिन्ही बहिणी यायच्या होत्या. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या.

"पार्मिजाना वांग्याचा असतो, सूनबाई. झुकिनी पथ्याला देतात. घरात कोणी आजारी आहे का?"

रोझाल्बाने झुकिनीचे काप तळले, टोमॅटोचा रस्सा आणि चीज घालत थरावर थर रचले, आणि कडा खरपूस होईपर्यंत ट्रे ओव्हनमध्ये ठेवला.

जेवताना सासूबाईंनी आधी काट्याच्या टोकाने नुसतं चाखलं. मग तुकडा संपवला. मग पावाने ताटली पुसून घेतली. बहिणी मान वर न करता खात होत्या. धाकट्या दिराने शेवटच्या तुकड्याकडे हात नेला, तसा सासूबाईंनी ट्रेच स्वतःकडे ओढला.

"राहू दे तो," त्या म्हणाल्या. "मला सकाळपासून जरा बरं वाटत नाहीये."