मांडी घालून बसा!

आरशात बघून शालनताईंनी लेन बदलली आणि दुभाजक संपताच झोकात यू-टर्न घेतला. शाबासकीसाठी शेजारी बसलेल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांकडे पाहिलं, तर त्यांच्या बाजूच्या क्लच-ब्रेकवर सरांचे दोन्ही पाय!

"म्हणजे वीस दिवस गाडी तुम्ही चालवत होता?"

"मॅडम, लेडीजना तेवढी मदत करावीच लागते."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उद्या टेस्टला कोणाचे पाय नेऊ? चपला काढा. मांडी घालून बसा!"

सरांनी निमूट मांडी घातली. पुढच्या यू-टर्नला गाडी भररस्त्यात बंद पडली. मागून हॉर्न कोकलू लागले. सरांचा पाय हळूच खाली आला.

"पाय वर!" ताई कडाडल्या. "बंद मी पाडलीय, चालूही मीच करणार!"