फुगडीची मात्रा

फौजदार रणनवऱ्यांच्या मोडलेल्या मांडीत सळई होती आणि सळईवर हाडाची नक्कल करणारा लेप. हाडाला हिसका बसला, की लेप हाड जुळवणारं औषध सोडायचा. पण काठी टेकत जपून चालणारे फौजदार लेपाला झोपलेलेच वाटायचे, आणि औषध आतच राहायचं. निवृत्तीची परेड तर महिन्यावर आली होती.

“अशीच सळई घातलेल्या शेवंताबाईंचं हाड महिन्यात जुळलं,” डॉक्टर पळसुले म्हणाले. “त्या रोज वीस फुगड्या घालायच्या.”

“मी फौजदार आहे, डॉक्टर! फुगडी घालू?”

“मग परेड खुर्चीतून बघा.”

फौजदारांनी दाराला कडी लावली, पडदा ओढला, मिशीवरून हात फिरवला आणि दोन्ही हातांची फुली करून डॉक्टरांपुढे धरली.

“या. एकट्यानं होते का फुगडी? आणि ‘फू’ तुम्ही म्हणायचं!”