गाडीतला पाहुणा

"बाबा, दम लागतो का?" नर्स अफशाने अरबीत विचारलं.

"अल्हमदुलिल्ला, अजिबात नाही," भिंतीला टेकून बसलेले हम्माद म्हणाले, आणि डॉक्टर विभावरीचं डोकंच फिरलं.

सगळ्या डोंगरात हेच उत्तर. आखातातल्या रास अल खैमाच्या उत्तर टोकाला, रस्ता संपून नुसता खडक उरतो तिथल्या वस्त्यांत किती जणांना हार्ट फेल्युअर आहे, म्हणजे किती जणांचं हृदय रक्त ढकलता ढकलता थकून गेलंय, हे शोधायला ती अल ऐनहून येत होती. दम लागतो म्हणणाऱ्याचीच पुढे हृदयाची सोनोग्राफी करायची, हा नियम तिनेच घातला होता. आणि दम तर कोणालाच लागत नव्हता. हे शेवटचं घर. ऑफिसातले साहेब खूश होते. "पहाडी लोग हैं डॉक्टर, एकदम स्ट्राँग. खलास, रिपोर्ट भेज दो." तो रिपोर्ट गेला की या डोंगरात व्हायच्या हार्ट क्लिनिकवर फुली बसणार. मग ज्याला खरंच त्रास असेल त्याने शहर गाठावं, नाहीतर घरी पडून राहावं.

विभावरीला हे पटत नव्हतं. प्रत्येक घरात काहीतरी खटकत होतं, आणि काय ते हाती लागत नव्हतं. तिने पेनचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. समोरचा गहवा, म्हणजे तिथली बिनदुधाची कॉफी, निवून गेला होता.

तेवढ्यात खालून हॉर्न वाजला.

"खाली कोण आहे?" हम्मादनी अफशामार्फत विचारलं.

"माझा नवरा," विभावरी ओशाळून म्हणाली. "शनिवार म्हणून तोच गाडी घेऊन आलाय. तो गाडीतच बसतो. सवय आहे त्याला."

ते खरंच होतं. सतीश कुठेही गाडीतच बसायचा. सुपरमार्केटला गेलं की, "तू जा, मी एसी चालू ठेवतो." देवळात, "माझाही नमस्कार सांग." दिवाळीत मैत्रिणीकडे, अपर्णाकडे, लिफ्ट बंद होती, तर फराळाचं ताट खाली गाडीत आलं. या देशात त्याचं कोणाला काही वाटतही नाही. बाहेर ऊन मी म्हणतं, आणि दुकानासमोर हॉर्न दिला की कडक चहा काचेपाशी हजर होतो. विभावरी त्याला 'गाडीतले महाराज' म्हणायची. मैत्रिणी हसायच्या. सगळ्यांत जास्त सतीश हसायचा.

हम्माद मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा पडला. पाहुणा दाराशी गाडीत, आणि यजमान आत गहवा पितोय!

"ऐब! शरमेची गोष्ट!" ते म्हणाले. "लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

मुलाला पाठवते, असं त्यांची बायको आतून ओरडली. पण पाहुण्याला घरच्या थोरल्याने आणायचं असतं. हम्माद भिंतीला धरून उठले आणि दाराबाहेर पडले. घरापासून रस्त्यापर्यंत खडकात खोदलेल्या पायऱ्या होत्या. विभावरी दारात येऊन उभी राहिली. हम्माद बेताबेताने उतरले, गाडीचं दार उघडलं, आणि सतीश "नको नको, शुक्रन" म्हणत असतानाच त्यांनी त्याचा हात धरून त्याला बाहेर काढलं. तिथल्या रीतीप्रमाणे हात हातात घेऊनच दोघं वर निघाले.

हम्मादची बायको विभावरीच्या शेजारी येऊन काळजीने बघत होती. ती काहीतरी पुटपुटली.

"क्या बोल रही हैं?" विभावरीने विचारलं.

"बोल रही हैं, कितने दिन बाद सीढ़ी उतरे हैं," अफशा म्हणाली. "बकरियाँ भी बेच दीं. नमाज़ कुर्सी पे पढ़ते हैं."

"मग दम लागत नाही असं का सांगितलं? पूछो उनसे!"

अफशाने विचारलं. हम्मादची बायको खांदे उडवून म्हणाली, "बसलेल्या माणसाला कसला दम लागणार?"

विभावरीच्या हातातलं पेन तसंच राहिलं. मग तिला सगळी घरं आठवली. पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्याने गच्चीवरची खाट खाली आणली होती. त्याच्या शेजारणीने विहिरीवर जायचं सोडलं होतं. कोणी खोटं बोललं नव्हतं. दम लागायला लागला तसं एकेकाने एकेक काम सोडून दिलं होतं, आणि दम लागायचा थांबला होता. प्रश्नच चुकला होता! तिला एवढा आनंद झाला की तिने अफशाला मिठीच मारली.

"रिपोर्ट जाणार नाही! सब घर फिर से जाएँगे. दम लागतो का, ये नहीं पूछना. काय काय करायचं सोडलंत, ये पूछना!"

अफशाही हसली. मग तिने पायऱ्यांकडे पाहिलं आणि तिचं हसू विरलं.

"मॅडम, वो रुक गए."

दोघंही अर्ध्यावर थांबले होते. हम्मादनी डावीकडचा खडक धरला होता आणि त्यांचे खांदे वरखाली होत होते. त्यांचा हात अजून सतीशच्या हातात होता. सतीश उजवीकडच्या कठड्यावर ओणवा झाला होता.

"अगं... बाबांना..." तो खालून म्हणाला, आणि थांबला. "बाबांना दम... लागलाय. म्हणून... थांबलोय."

विभावरी धावत खाली गेली आणि हम्मादना ओलांडून त्याच्यासमोर उभी राहिली.

"सतीश, तू गाडीत बसायला कधीपासून लागलास?"