जाळीपलीकडून

खांडबाऱ्याच्या माझ्या रिकाम्या घरात मी शेजारच्या कौसाबाईंना माझी गोष्ट वाचून दाखवली. माझ्या मनाविरुद्ध लग्न केलेली लेक चार वर्षांपूर्वी भरदुपारी आली, हाका मारत राहिली आणि मी जाळीच्या दाराआड गप्प उभी राहिले. उन्हातून आतलं दिसत नाही. घरी कोणी नाही असं समजून ती गेली. पुन्हा येईल म्हणून मी अजून वाट पाहतेय. कौसाबाई म्हणाल्या, “बाई, ही आखी तुमनीच गोठ शे. पोरले बाहेरथीन काय दिखनं व्हई?” मी विज्ञानाची शिक्षिका, लेकीला बाहेरून काय दिसलं असेल ते अंदाजाने लिहिणं जमेना. त्यांना जाळीआड उभं करून मी बाहेर उन्हात गेले. मागचं दार नेहमीसारखं उघडं होतं. त्या उजेडात कौसाबाई डोक्यावरच्या पदरासकट दिसत होत्या. आत येऊन लेकीच्या शब्दांत लिहिलं, “आई समोरच उभी आहे. मी आणखी एक हाक मारते.”