धारोष्ण

कातडी कमावायचा कारखाना बंद पडला आणि त्याच जागेवर सरकारी खर्चानं बालवाडी बांधायचं ठरलं. रहिवाशांचं मत घ्यायला बैठक बोलावली, तर मंगळवार पेठ नुसती पेटली.

"त्या मातीत इख हाय! आमची पोरं न्हाय बसायची तितं!"

"महिन्यापूर्वीच माती तपासून पाटी लावलीय. जागा सुरक्षित आहे," बैठक घ्यायला आलेले सरकारी अधिकारी देवस्थळी साहेब खेकसले.

मल्लव्वा गवळण उठली. तिच्या म्हशीचं धारोष्ण दूध साहेब रोज सकाळी कट्ट्यावर उभ्यानं प्यायचे.

"व्हय की सायेब. तुमची पाटी लागल्यापास्नं म्हस तितंच चारतो मी."

बालवाडीचा नकाशा एका रेघेनंही बदलला नाही.



दुसऱ्या दिवशी साहेबांनी म्हैस तेवढी बदलली.