तिसरा वाटा

बाबांच्या मागोमाग आईही गेली, आणि टूवूंबाचं घर रिकामं करायला क्षितिजा सिडनीहून आली. तिला रडू येत नव्हतं. धाकट्या स्वप्निललाही नाही. किल्ल्या दुपारी एजंटला द्यायच्या होत्या, एवढंच काय ते डोक्यात.

वाटणी घरच्या रीतीने करायची ठरली. थोरल्याने वाटे घालायचे, धाकट्याने आधी उचलायचं, म्हणजे कुरकुरीला जागा नाही. दोघंच भावंडं, म्हणून क्षितिजाने आईच्या भांड्यांचे कार्पेटवर दोन वाटे घातले आणि चहा ठेवायला आत गेली.

परत आली तर वाटे तीन होते. तिसऱ्यात तान्ह्या बाळाला दूध पाजायचं बोंडलं, दुधाची वाटी, चिमुकला चमचा.

"हे काय रे, स्वप्निल?"

"मी कारमध्ये बॉक्सेस ठेवत होतो. तूच घातलेस ना?"

तिने तो वाटा मोडला आणि पुन्हा सगळं लावायला घेतलं. या वेळी मात्र तिने नीट पाहिलं. तिचेच हात तिसरा वाटा घालत होते, रोज पानं घ्यावीत तितक्या सवयीने.

हात थांबले, तेव्हा ती म्हणाली, "उचल बाबा. तू धाकटा."

स्वप्निल समोर मांडी घालून बसला होता. त्याने हात पुढे केला नाही.

"मी कुठे धाकटा, ताई?" तो सहज म्हणाला.

क्षितिजाला भीतीसुद्धा वाटली नाही. ती नुसती थोडी सरकली, शेजारी जागा करून दिली.

तिच्या मांडीला एक लहानसा, गार गुडघा टेकला.